तारीख अडवणारी चूक

पिंपळगाव राजा, ता. खामगाव
१२ मार्च २०२५

प्रसेनजित, तुले आजीचा जयभीम.

ओळखलंस का? मी पंचफुला. तुझ्या बापाची माय. काळी, ठेंगणी, समोरचे दोन दात नसलेली. दीड वर्ष झालं तुझा आवाज ऐकून, म्हणून ओळख पटवून दिलेली बरी. साऱ्या जगाच्या तारखा तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आजीचा चेहरा ठेवायले जागा उरत नसंल, समजू शकते.

हे पत्र सुचिता लिहून राह्यली. तीही आठवत नसंल तर सांगते, उत्तमरावाची सून, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते ती. मी बोलीन तसंच लिहायचं अशी अट घातली आहे. मघाशी 'ठेंगणी' लिहायले तयार नव्हती. म्हणे, "आजी, असं कोणी पत्रात लिहिते का?" म्हटलं, "बाई, उंची माझी आहे, तुझं काय जाते?" मग लिहिलं. कागदावर लिहून ती फोटो पाठवणार. कागदावरचं मले वाचता आलं नाही तरी दिसते तरी.

पत्र काऊन, तर तू फोन उचलत नाही. सुचिता म्हणते तुम्ही जगभरची माणसं मिळून कॉम्प्युटरसाठी बनवता त्या फुकटवाल्या सिस्टिमच्या कारभारात तोंडी काही चालत नाही. ज्याले जे सांगायचं ते लेखी, अन् साऱ्यांसमोर. बरं आहे. घरातल्या माणसाले तेवढीच एक खिडकी उघडी आहे तर आम्ही खिडकीतून बोलू.

मागच्या आठवड्यात तुझं नवं कच्चं व्हर्जन आलं. सुचितानं पेनड्राइव्हवर घेऊन आपल्या जुन्या मशीनमध्ये टाकलं, अन् मी बसले परीक्षेले. बटन दाबायचं, पडदा उजळला की पणतीचं चित्र शोधायचं, त्यावर दोनदा टिचकी मारायची, की दीपमालाचा, तुझ्या मायचा, आवाज आला पाहिजे. अक्षर न शिकलेल्या बाईले कोणाले न विचारता तिथवर जाता आलं तर व्हर्जन पास. हा नियम तू हसत हसत केला होता, तेव्हा तुझी माय माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत होती. आता जगभरची माणसं वाचतात त्या यादीत माझ्या नावाची ओळ आहे म्हणे, 'पंचफुला चाचणी'. गावातल्या मतदार यादीत माझं नाव अजून चुकीचं आहे, पण तुमच्याकडं बरोबर आहे.

तर निकाल ऐक. बटन लागलं. पडदा उजळला, रंग छान आहे, डोळ्याले खुपत नाही. पणती सापडली. त्याच्यापुढं मशीनची तब्येत जराशी बरी नाही. त्याच्यात दोन कप्पे आहेत ना, त्यातला दुसरा, आवाजांचा, थोडा रुसल्यासारखा करून राह्यला. घाबरण्यासारखं काही नाही. सवडीनं पाह्य.

जेवत जा वेळेवर.

तुझी आजी


पिंपळगाव राजा
२७ मार्च

प्रसेनजित,

तुझं उत्तर आलं. सुचितानं वाचलं, मी म्हटलं पुन्हा वाच, कुठं 'आजी कशी आहेस' असंल तर सुटलं असंल. नव्हतं. चार प्रश्न होते, आकडे घालून. पोलीस पाटलानं पंचनाम्यात याच्याहून जास्त माया दाखवली असती. तरी पण उत्तर आलं, हे मी धरून ठेवलं आहे.

एक. मशीन कोणतं? अरे, तुझंच. कॉलेजातलं. तू जर्मनीले जाताना ठेवून गेला होता ते, तुझ्या बापानं, माणिकनं, खोक्यावर टॉवेल शिवला आहे ते.

दोन. दुसरा कप्पा दिसतो का? दिसते. रिकामा दिसते असं सुचिता म्हणते. पण ती तरुण आहे, लवकर घाबरते.

तीन. त्यातलं काही गेलं का? विशेष काही नाही.

(इथं सुचितानं पेन खाली ठेवला होता. मी उचलून तिच्या हातात दिला. तिनं तोंड फिरवून लिहिलं.)

चार. टाकण्याआधी कॉपी काढली होती का? काढली होती.

झाले चार. आता माझा एक. तुमचं हे पक्कं व्हर्जन बाहेर कधी पडते? सुचितानं तुमचा तक्ता पाहून सांगितलं की एक एप्रिलले दारं बंद, मग नवं काही आत घ्यायचं नाही, फक्त दुरुस्ती. सतरा एप्रिलले बैठक, तिथं साऱ्यांनी मिळून 'सोडायचं' का 'थांबायचं' ते ठरवायचं. चोवीस एप्रिलले बाहेर. सहा महिने आधी ठरलेल्या तारखा म्हणे. लग्नाचं विचारलं तर तू सहा वर्षं 'बघू' म्हणतो, अन् इथं वारासकट ठरलेलं आहे.

ती तारीख जरा पुढं सरकते का? आपलं विचारलं.

आजी


पिंपळगाव राजा
१० एप्रिल

प्रसेनजित,

तू लिहिलं, 'आजी, तारीख कोणासाठी हलत नाही. दोनशे माणसं फुकट काम करतात, त्यांनी आपल्या सुट्ट्या त्या तारखेवर बांधल्या. एकदा हलली की पुढची कोणी मानत नाही. फक्त तारीख अडवणारी चूक असेल तरच थांबतो. तुमची चूक किरकोळ म्हणून नोंदली आहे, कारण काही गेलेलं नाही आणि दुसऱ्या कोणाकडून तशी तक्रार नाही. वेगळं काही असेल तर लेखी कळवा.'

'तुमची', 'कळवा'. मले अहोजाहो करायले लागला तू. मोठी झाले मी.

सुचितानं मले समजावून सांगितलं. म्हणे, "आजी, दोन कप्प्यांची इतकी जुनी मशीनं आता कोणी चाचणीले वापरतच नाही. आपली एकच तक्रार आहे. आपण जे लिहू तेच ते खरं धरतात." म्हटलं, "धरू दे." म्हणे, "आजी, मी लिहू का?" म्हटलं, "तू मी सांगते तेच लिही."

तर कारण लेखी देते. चौदा तारखेले जयंती आहे. विहारात, गावात, साऱ्यांची धावपळ. त्या गडबडीत नवं काही बाहेर सोडू नये. हे कारण चालत नसंल तर ऊन फार आहे. तेही चालत नसंल तर आजी म्हणते म्हणून. आपल्या घरानं मुहूर्त सोडून साठ वर्षं झाली अन् तू तारखेचा एवढा भक्त कसा निघाला रे?

तुले अजून राग आहे, ते ठाऊक आहे मले. आपण बोललोच नाही त्याच्यावर. तू मायच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी बॅग उचलून गेला. आज बोलते, सुचिता बसली आहे तोवर.

दीपमाला मंगळवारी दुपारी चारले गेली, अकोल्याले नेता नेता, गाडीतच. संध्याकाळी माणिक तुले फोन लावत होता. मी त्याच्या हातातून घेतला. म्हटलं, 'तब्येत बरी नाही, जमलं तर ये' एवढंच टाक. आपल्याकडं दूरच्या माणसाले असंच कळवतात, बाबा. तो एकटा असते. त्याच्या खांद्यावर हात ठेवायले कोणी नसते. त्याले दोन दिवस प्रवास करायचा असते, गाड्या बदलायच्या असतात. म्हणून 'बरी नाही' म्हणायचं, अन् तो अंगणात आला की मग सांगायचं, चार बाया जवळ उभ्या करून. माझा भाऊ सुरतेहून आला होता तेव्हा त्याले बापाचं असंच कळवलं होतं. त्यानं कधी मले दोष दिला नाही.

तू मात्र 'बरी नाही' याचा अर्थ 'बरी नाही' असाच घेतला. गुरुवारी तुमचं व्हर्जन सुटायचं होतं. ते बाहेर पडल्यावरच तू निघाला अन् शनिवारी आला. तोवर बुधवारीच सारं झालं होतं. अंगणात तू मले म्हणाला, 'आजी, तुझ्या शब्दावर मी चार दिवस मोजून थांबलो.' रडलाही नाही. मी चार बाया उभ्या केल्या होत्या, त्या उभ्याच राह्यल्या.

मी चुकले असं मी म्हणत नाही. पण तू तेव्हापासून ते आवाजही ऐकले नाही. दर रविवारी तुझी माय त्या मशीनसमोर बसून तुझ्यासाठी बोलून ठेवायची, एकशे बारा रविवार. तू म्हणाला, आत्ता नाही, पुढच्या वेळी आलो की ऐकीन.

माणिक बरा आहे. मी दुपारी तीनले आवाज लावायची तेव्हा तो उठून ओट्यावर जायचा, त्याले ऐकवत नसे. अजूनही तो तीन वाजले की उठून ओट्यावर जाते. आता काऊन जाते ते विचारू नको.

तारीख पुढं ढकल.

आजी


१८ एप्रिल

प्रसेनजित,

काल तुमची बैठक झाली. सुचितानं मले फोनवर दाखवली. कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहत नाही, नुसतं लिहितात. एकानं यादीतलं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'हो' म्हणायचं. माझी ओळ आली. तू स्वतः लिहिलं, 'पंचफुला चाचणी: पास, एक किरकोळ तक्रार.' मग साऱ्यांनी हो, हो, हो. एकानं हसरं तोंड टाकलं अन् लिहिलं म्हणे, 'आजी पास म्हणते तर आपण कोण?'

मग तू लिहिलं, 'सोडायचं.'

सुचिता माझ्याकडं पाहत राह्यली. म्हणे, "आजी, अजून सहा दिवस आहेत. आता लिहिलं तरी थांबतील." मी तिले म्हटलं, बस. कागद काढ. तिनं काढला. मी तोंड उघडलं अन् तुले त्या खोलीत एकट्यानं हे वाचताना पाह्यलं. तू बसला कुठं असशील, तुझ्याजवळ पाण्याचा तांब्या असंल का, एवढंच येऊन राह्यलं डोक्यात.

तिनं दोन ओळी आपल्याच मनानं लिहिल्या होत्या. मी विचारलं, हे काय लिहिलं? ती खोटं बोलत नाही. तिनं वाचून दाखवलं. मी तो कागद फाडायले लावला. हा दुसरा आहे.

इकडं ऊन फार आहे. पाणी पीत जा.

आजी


पिंपळगाव राजा
३ मे

प्रसेनजित,

आज मी सारं सांगते. सुचिता, हात थांबवू नको, मी रडले तरी थांबवू नको.

कच्चं व्हर्जन टाकलं त्याच दिवशी दुसरा कप्पा पुसला गेला. टाकायचं होतं पहिल्यात, अन् त्यानं दुसरा साफ केला. पणती दिसली, मी दोनदा टिचकी मारली, काही नाही. पुन्हा मारली. सुचितानं तीन दिवस सारे उपाय केले. खामगावच्या दुकानात नेलं, त्यानं उघडून पाह्यलं, म्हणे, नवं सामान त्याच जागेवर लिहिलं गेलं, खालचं आता निघत नाही. एकशे बारापैकी एकही राह्यला नाही. तुझ्या मायचा आवाज या जगात कुठंच राह्यला नाही, पोरा.

कॉपी काढली नव्हती. सुचितानं विचारलं होतं, काढू का, मीच म्हटलं राहू दे. कॉपीसाठी मशीन एक दिवस ग्रामपंचायतीत ठेवावं लागलं असतं. माझी एक दुपार गेली असती तिच्याबिगर. एका दुपारसाठी, पाह्य.

अन् मग मी तुले लिहिलं, तब्येत जराशी बरी नाही.

मले वाटलं तू दिवाळीले येशील, तेव्हा सांगीन. तोवर कशीही करून तुझ्याकडून ती तारीख पुढं ढकलून घेईन, म्हणजे दुसऱ्या कोणाचं जाणार नाही. दोन्ही सांभाळीन असं वाटलं. मले काय ठाऊक की तुमच्याकडं माणसाच्या शब्दाले एवढी किंमत असते. मी 'विशेष नाही' म्हटलं अन् तुम्ही तेच लिहून घेतलं, त्यावर दोनशे माणसांनी 'हो' म्हटलं. गावात मी 'विशेष नाही' म्हटलं असतं तर शेजारची सिंधू चप्पल न घालता धावत आली असती.

सुचिता रोज वाचून दाखवते. पक्कं व्हर्जन सुटल्यापासून एकशे चाळीस लोकांनी लिहिलं, आमचा दुसरा कप्पा गेला. जुनी मशीनं गरिबाघरीच असतात, शाळेत असतात, तिथंच गेलं. एका बाईचं बारा वर्षांचं लिखाण होतं. एका शाळेतल्या लेकरांच्या कामाचा सारा साठा होता. एकानं फक्त एवढंच लिहिलं की 'कोणी तपासलं होतं का?' त्याच्याखाली कोणीतरी तुमची यादी चिकटवली, माझ्या नावाची ओळ लाल करून.

अन् त्याच्याखाली तू. 'निर्णय माझा होता. चाचणीची तक्रार मी किरकोळ ठरवली. मी या कामातून बाजूला होतो.' सुचितानं हे वाचलं अन् मी तिले विचारलं, त्यानं आजीचं नाव घेतलं का? नाही घेतलं. मी खोटं सांगितलं हे तू कुठंच लिहिलं नाही. तुले तेव्हा ठाऊकही नव्हतं. आता झालं.

तू दहा वर्षं केलेलं काम. तुझी माय लोकांले सांगायची, माझा पोरगा साऱ्या दुनियेचं घड्याळ लावते. ते मी मोडलं. अन् ती कशी सांगायची, तो आवाजही मीच मोडला.

त्या मंगळवारचंही सांगते. मी चुकले होते. मले वाटायचं मी तुले सांभाळते. तुले जे करायचं होतं, पहिल्या विमानात बसायचं का थांबायचं, ते तुझ्या हातात द्यायले मी घाबरले. तुझं दुःख मी तुझ्याआधी उघडून पाह्यलं, अन् मापून तुले दिलं. दोनदा.

सुचिता म्हणते, पुरे आता, आजी. पुरे.

पंचफुला


पिंपळगाव राजा
२५ मे

प्रसेनजित,

तीन आठवडे वाट पाह्यली. काल तुझी एक ओळ आली. 'आजी, तुला तरी आठवतं का, ती काय काय बोलायची?'

पुन्हा 'तुला' म्हणाला, ते ऐकलं मी. पण त्याच्यावर जास्त बोलत नाही.

सुचिता म्हणे, "आजी, तुम्ही रोज ऐकलं, तुम्हाले तर पाठ असंल. सांगा, मी लिहून घेते, एकशे बारा कागद लिहीन." पोरगी वह्या घेऊन आली होती. मी बसले. डोळे मिटले.

येत नाही रे. लोकांले वाटते, अक्षर न येणाऱ्या बाईच्या डोक्यात सारं जपलेलं असते. मी शब्द ऐकतच नव्हते. मी नुसती ती ऐकत होते. तिचा श्वास, मधेच माणिकले 'दार लोटा हो' म्हणणं, तुझं नाव घ्यायच्या आधी जराशी थांबायची ते. ती काय म्हणायची त्याच्याकडं मी ध्यानच दिलं नाही, कारण ती उद्याही तेच म्हणणार होती. दोन दुपारी प्रयत्न केला. तीन वाक्यं निघाली. त्यातलं एक माझंच असावं असं वाटते. खोटं जोडून देऊ शकले असते, तुले कळलंही नसतं. तीन वाक्यं सुचितानं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, तिसऱ्यापुढं 'नक्की नाही' असं लिहायले लावलं आहे.

बुद्धपौर्णिमेले विहारात गेले होते. बायांनी विचारलं, नातू कसा आहे? म्हटलं, वाईट आहे, माझ्यामुळं. त्यांनी विषय बदलला. खरं बोललं की माणसं चहा टाकायले उठतात.

आता आणखी एक लेखी. हे मी मापून देत नाही, आहे तेवढं देते. फेब्रुवारीपासून मले घास गिळताना अडकत होतं. मी कोणाले सांगितलं नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं गळ्यातला तुकडा काढून तपासायले पाठवला होता, परवा कागद आला. कॅन्सर आहे. पुढं गेलेला आहे. या वयात कापाकापी करू नये असं तो म्हणाला. मी त्याले विचारलं, किती? त्यानं माणिककडं पाह्यलं. म्हटलं, त्याच्याकडं नको पाहू, माझ्याकडं पाह्य. म्हणाला, पावसाळा निघंल. दिवाळीचं त्यानं काही म्हटलं नाही.

तब्येत 'बरी नाही' असं मी लिहीत नाही. मी मरून राह्यले. सुचिता, लिही, तसंच लिही. तारखा ठरवणं तुझं काम आहे. यायचं का, कधी यायचं, का यायचंच नाही, ते तू ठरव. नाही आला तर मी कोणाजवळ तुले नावं ठेवणार नाही. पण या वेळी सारं कळून ठरव.

अन् राग धरून का होईना, खायचं काही पाठवणार असशील तर ती कडक बिस्किटं नको, बदाम-बिदाम नको, चॉकलेट तर नकोच. घास उतरत नाही. तिकडं तान्ह्या लेकरांसाठी सफरचंद शिजवून, गाळून बाटलीत भरलेलं मिळते म्हणे, सुचितानं पाहून सांगितलं. ते पाठव. चार-पाच बाटल्या पुरतील. आंबट नको, गळ्याले झोंबते.